बाल्दोमेरोचं कोमट पाणी

चिलीतल्या चियान गावात नळ दुरुस्तीला आलेला मेस्त्री हत्यारांची पिशवी खाली ठेवतो आणि नळाला हात लावायच्या आत मागच्या मेस्त्रीचा उद्धार करतो. ही रीतच आहे. "कुणी केलं हो हे?" असं म्हणून तो चुकचुकतो, मान हलवतो, आणि घरच्या बाईला कळतं की आता खरा जाणकार आला. ज्याला शिव्या द्यायच्या तो समोर नसतोच. आपल्यामागून येणारा आपल्यालाही असाच धुणार हे प्रत्येकाला ठाऊक असतं, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, यावर तर निम्मा धंदा उभा आहे.

नोल्बेर्तो सानुएसा या कलेत सगळ्यांचा बाप होता. वय त्रेसष्ट, त्यातली चाळीस वर्षं पाइपांत गेलेली. त्याच्या तोंडून मागच्या मेस्त्रीची निंदा ऐकणं म्हणजे मेजवानी असायची. काही बायका तर काम संपलं तरी चहा देऊन त्याला बसवून घ्यायच्या, आणखी थोडं ऐकायला. त्याची बायको म्हणायची, "तू नळ कमी पिळतोस आणि माणसं जास्त." तो हसायचा. स्वतःच्या कामावर त्याचा भलता विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर बरेचदा तो खराही होता.

जुलैतल्या, इथल्या ऐन हिवाळ्यातल्या एका गारठलेल्या दुपारी त्याला डोन्या ओर्मेलिंदाचा, म्हणजे ओर्मेलिंदाबाईंचा फोन आला. बाजारामागे राहणारी, सत्तरीची विधवा. नोल्बेर्तोचं नाव तिला शेजारणीने सांगितलं होतं.

"मेस्त्री, न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ बंदच होत नाही. सकाळपासून गीझर धडधडतोय. मी घाबरून गॅस बंद केला, तर आता गार पाणी धो धो येतंय."

"गीझरच्या खालची चावी बंद केलीत का, बाई?"

"कुठली चावी? तिथे तीन चाव्या आहेत. तिन्ही पिळून पाहिल्या. पाणी काही थांबेना."

"तिन्ही? मग पाणी आभाळातून येतंय का?" असं म्हणून नोल्बेर्तोने पिशवी उचलली.

घर लाकडी फळ्यांचं, निळ्या रंगाचं होतं. दारात लिंबाचं झाड होतं. आपण या घरात कधी आलो होतो असं त्याला मुळीच वाटलं नाही.

"या मेस्त्री. पाय पुसू नका, आत आधीच तळं झालंय," डोन्या ओर्मेलिंदा म्हणाली. बुटकी, जाड लोकरीचा स्वेटर घातलेली बाई. स्वयंपाकघरात लाकडाची चूल पेटलेली होती आणि परातीत भोपळ्याच्या घारग्यांचं पीठ मळून ठेवलेलं होतं. पाऊस लागला की इथे घरोघरी घारगे तळतात, त्यांना सोपाइपिया म्हणतात, आणि ते खायला कुणी नसलं तरी तळतातच.

नोल्बेर्तो आधी रस्त्याकडच्या मुख्य चावीशी गेला. ती इतकी गंजली होती की बाईच्या हाताने फिरणं शक्यच नव्हतं. त्याने पान्याने फिरवली. पाणी थांबलं. म्हणजे घर बुडणार नव्हतं, एवढी निश्चिंती झाली. पण मुख्य चावी बंद ठेवून माणूस राहणार कसा? पुन्हा ती उघडून तो मागच्या पडवीत गीझरपाशी आला. गार पाणी आत नेणारी चावी त्याने घट्ट बंद केली. गरम पाणी बाहेर आणणारीही बंद केली. आता गीझरमधून थेंबसुद्धा पुढे जाणं शक्य नव्हतं.

न्हाणीघरातला गरम नळ वाहतच होता.

"मी खोटं बोलत होते का?" डोन्या ओर्मेलिंदा दारात उभी राहून म्हणाली. तिला यात थोडा आनंदही झालेला दिसला.

नोल्बेर्तोने डोकं खाजवलं. गीझर बंद, तरी गरम पाण्याच्या पाइपात पाणी. याचा अर्थ एकच. कुठेतरी गार पाण्याचा पाइप चोरपावलांनी गरम पाइपाला जाऊन मिळत होता. त्याने शॉवरच्या दोन्ही तोट्या उघडून आतले पाइप बुचं लावून बंद केले. पाणी चालूच. स्वयंपाकघरातला नळ पाहिला. तिथे दोन वेगळ्या तोट्या होत्या, मिसळण्याचा प्रश्नच नव्हता. कपड्यांच्या मशीनला फक्त गार पाणी. मग उरली भिंत.

"बाई, एक विचारतो. तुमच्याकडे गरम पाणी नीट तापतं का?"

डोन्या ओर्मेलिंदा इतकी मोठ्याने हसली की नोल्बेर्तो दचकला.

"तापतं? मेस्त्री, या घरात पंधरा वर्षांत कुणी गरम पाण्याने अंघोळ केलेली नाही! कोमट. नेहमी कोमट. हिवाळ्यात तर कोमट म्हणायलाही लाज वाटावी. आणि मध्येच गीझर विझायचा. अंगाला साबण लावलेला आणि पाणी बर्फ. आमच्या म्हाताऱ्याने कुठून तरी जुना गीझर आणला होता, चुलतभावाकडून. तेव्हापासूनचं हे दुखणं."

"मग नवा नाही घेतला?"

"घेतला की! तोही तसाच. म्हणजे म्हाताऱ्याला गीझर निवडताच येत नव्हता, दुसरं काय? माझ्या नवऱ्याचं नाव बाल्दोमेरो. गेल्या सप्टेंबरात गेला, हृदय बंद पडलं. माणूस चांगला होता, पण वस्तू घ्यायची अक्कल शून्य."

नोल्बेर्तो आता रंगात आला होता. त्याला गुन्हेगाराचा वास लागला होता. पेचकसाची मूठ कानाला आणि टोक फरशीला लावून तो बेसिनमागची भिंत ऐकू लागला. एका जागी आतून बारीक सळसळ येत होती.

"गीझरचा दोष नाहीच, बाई. कुणीतरी भिंतीच्या आत गार आणि गरम पाइप एकमेकांना जोडून ठेवलेत. गरम नळ उघडला की गार पाणी आडवाटेने त्यात घुसतं. मग पाणी कोमट होणार नाही तर काय? आणि गीझरमधून जाणारं पाणी कमी पडलं की तो विझणारच. सोन्याचा गीझर आणला असता तरी विझला असता."

"अगं बाई! कुणी केलं हे?"

"कुणीतरी गाढवाने." त्याने छिन्नी काढली. "असल्या माणसाला मेस्त्री म्हणू नये. याचे हात कोपरापासून तोडायला हवेत, म्हणजे पुढच्या घरात तरी घाण करणार नाही. आणि वर फरशीही बसवून टाकलीय, पाहा! मांजरासारखी. हगून माती लोटायची आणि चालू पडायचं."

डोन्या ओर्मेलिंदा खुदकन हसली. तिला मजा येत होती. "पण म्हातारा त्याची फार तारीफ करायचा बरं का. पंधरा वर्षांपूर्वीच्या भूकंपानंतर घर उभं केलं तेव्हाचा मेस्त्री. मी तेव्हा बहिणीकडे होते, पाहिलंसुद्धा नाही त्याला. म्हातारा म्हणायचा, सगळं गाव मेस्त्रीसाठी रडत होतं, पण हा भला माणूस आपल्याकडे आला. मी पाण्यावरून भांडले की म्हणायचा, मेस्त्रीचं काम चोख आहे, गीझरच वाईट असेल. शेवटपर्यंत तेच म्हणत राहिला."

"तुमचा नवरा भोळा होता, बाई," नोल्बेर्तो म्हणाला आणि त्याने घाव घातला.

तीन फरशा निघाल्या. मागचं सिमेंट खरवडल्यावर दोन तांब्याचे पाइप दिसले, आणि त्यांच्यामध्ये वीतभर लांबीचा तिसरा पाइप, पुलासारखा आडवा. त्यावर एक छोटी चावी होती. आणि पुलाच्या दोन्ही टोकांना तांब्याची तार गुंडाळलेली होती, तीन वेढे, आणि शेवट पक्कडीने वर वाकवलेला.

नोल्बेर्तोचा हात थांबला.

जोडावर अशी तार अख्ख्या चियानमध्ये एकच माणूस गुंडाळत असे. तिचा काही उपयोग नव्हता. बाकीचे मेस्त्री त्यावरून त्याची टिंगल करायचे, "नोल्बेर्तो पाइपांना अंगठ्या घालतो" म्हणायचे. आणि तो अभिमानाने म्हणायचा, घालतो, म्हणजे शंभर वर्षांनी भिंत फोडली तरी कळेल काम कुणाचं आहे.

त्याला सगळं आठवलं. तेव्हा हे घर निळं नव्हतं. पुढची भिंत रस्त्यावर आडवी पडली होती आणि लिंबाचं झाड नव्हतंच. तो त्या दिवसांत सकाळपासून काळोख पडेपर्यंत सात-सात घरं करत होता. इथे गीझर भिंतीवरून पडलेला, न्हाणीघराचा गार पाइप चिरलेला. एका तरी नळाला पाणी यावं म्हणून त्याने दोन दिवसांची सोय केली होती, हा पूल. नंतर गार पाइप दुरुस्त झाला, गीझर पुन्हा टांगला गेला. तेव्हा पूल कापून टाकायला हवा होता. अर्ध्या तासाचं काम. पण पुढच्या घरची माणसं दारात येऊन उभी होती, आणि त्याने नुसती चावी फिरवली. चावी शेवटी कचकचली, आत खडा अडकला असावा, पूर्ण बसली नाही हे हाताला कळलं होतं. हाताला नक्की कळलं होतं. आणि एक उंच, वाकलेला माणूस बॅटरी धरून उभा होता. त्याने विचारलं होतं, "मेस्त्री, हे आत असंच राहिलं तर चालेल ना?" आणि नोल्बेर्तो म्हणाला होता, "तुमच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत चालेल." मग त्याने फरशी बसवली.

"काय झालं, मेस्त्री? सापडला का गाढव?" मागून डोन्या ओर्मेलिंदाने विचारलं.

लाज वाटली की माणसाने धरणीला पोटात घे म्हणावं, असं बोलायची पद्धत आहे. पण चियानमध्ये तसं म्हणायची कुणाची छाती नाही, इथे ती खरोखर दुभंगते. नोल्बेर्तोचे कान तापले. आपण पाच मिनिटांपूर्वी काय काय बोललो ते त्याला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. हात कोपरापासून. मांजर. भोळा नवरा.

"सापडला," तो म्हणाला. त्याने अंग असं आडवं केलं की बाईला भिंत दिसू नये, आणि पक्कडीने दोन्ही तारा कापून खिशात घातल्या. हे तो स्वतःच्या डोळ्यांदेखत करत होता आणि त्याला स्वतःची किळस येत होती, पण हात थांबले नाहीत.

"कोण असेल हो तो?"

"कोण जाणे, बाई. त्या दिवसांत बाहेरगावचे पुष्कळ आले होते."

मुख्य चावी बंद करून त्याने पूल कापला, दोन्ही पाइपांची तोंडं झाळून बंद केली, नळाचा झिजलेला वॉशर काढून नवा घातला. पंधरा वर्षांपूर्वी द्यायचा तो अर्धा तास आता द्यायला त्याला दीड तास लागला, कारण प्रत्येक जोड तो तीन-तीनदा तपासत होता. डोन्या ओर्मेलिंदाला वाटलं, मेस्त्री थकला. तिने चहा आणि गरम घारगे आणून बेसिनशेजारी ठेवले. घारगे तसेच गार झाले.

गीझर पेटवला. नळ उघडला. थोड्या वेळाने वाफ आली आणि बेसिनवरचा आरसा धुरकटला.

डोन्या ओर्मेलिंदाने पाण्याखाली बोट धरलं आणि झटकन मागे घेतलं. "भाजलं!" ती हसली. मग पुन्हा बोट धरलं. आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"म्हणजे गीझर चांगला होता," ती म्हणाली.

नोल्बेर्तोने फरशांचे तुकडे गोळा करायला घेतले.

"जुनाही चांगला होता. चुलतभावाचा. आणि मी तो भंगारात द्यायला लावला." ती कमोडच्या झाकणावर बसली. "मेस्त्री, तो नेहमी माझ्यानंतर अंघोळ करायचा. म्हणायचा, तू आधी जा, जे काही ऊन असेल ते तुला मिळू दे. मागून तो गार पाण्यानेच करायचा, मला माहीत होतं. आणि मी काय म्हणायचे? म्हणायचे, भोग आता, तूच आणलाहेस. असं म्हणायचे मी त्याला. रोज."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने नळ बंद केला नाही. गरम पाणी वाहत राहिलं.

नोल्बेर्तोने पिशवी भरली. पैसे घेणार नाही म्हणाला, फरशा फुटल्या म्हणून असं काहीतरी पुटपुटला. ती रडण्यात होती, तिने हट्ट धरला नाही. तो बाहेर पडला, बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत गेला. समोर बस उभी होती. चढला असता तर घरी जाऊन बायकोबरोबर चहा घेतला असता आणि गोष्ट भिंतीतच राहिली असती. गाढव कोण हे बाईला कधीच कळलं नसतं. पण डोळ्यांसमोर तो बाल्दोमेरो बॅटरी धरून उभा होता, आणि विचारत होता, चालेल ना? आणि मरेपर्यंत म्हणत राहिला होता, मेस्त्रीचं काम चोख आहे. जगात नोल्बेर्तोच्या कामाची बाजू इतकी वर्षं दुसऱ्या कुणीही घेतली नव्हती, बायकोनेसुद्धा नाही. त्या माणसाच्या माथ्यावर आपण आपला दोष मारून आलो, आणि वर त्याला भोळा म्हटलं. बस निघून गेली. तो परत फिरला.

डोन्या ओर्मेलिंदाने दार उघडलं. "काही विसरलात का?"

त्याने खिशातून तारेचे दोन तुकडे काढून तिच्या हातावर ठेवले.

"हे माझे आहेत. मीच बांधले होते. तो गाढव मी आहे, बाई."

ती तारेकडे पाहत राहिली.

"तेव्हा पूल कापायचा कंटाळा केला मी. चावी नीट बसली नाही हे मला कळलं होतं. तुमच्या नवऱ्याने विचारलंसुद्धा. मी म्हणालो, चालेल. आणि आज सापडल्यावर तुमच्यापासून लपवलं. तुमच्या समोर, तुमच्या घरात." त्याने दोन्ही हात पुढे केले. "काय बोलायचंय ते बोला. हात तोडायचे म्हणालो होतो, ते मीच."

त्याला वाटलं, आता शिव्या बसतील. त्याला त्या हव्या होत्या. एखादी थोबाडीत बसली असती तर तो तिथल्या तिथे अर्धा हलका झाला असता. पण डोन्या ओर्मेलिंदाने ओरडाओरडा केला नाही. ती आत गेली, नळ बंद केल्याचा आवाज आला, चुलीचं दार लावल्याचा आवाज आला, आणि ती कोट घालून बाहेर आली.

"दफनभूमी साडेपाचला बंद होते," ती म्हणाली. "चला."

"कुठे?"

"त्याच्याकडे. मला सांगून काय उपयोग? मी काय पंधरा वर्षं गार पाण्याने न्हायले का? जो न्हायला त्याला सांगा."

दफनभूमीच्या फाटकापाशी तिने पांढऱ्या शेवंतीची जुडी घेतली. नोल्बेर्तो तिच्यामागे चालत होता, हत्यारांची पिशवी खांद्यावर तशीच, आणि येणारे-जाणारे त्याच्याकडे बघत होते. चियान लहान गाव नाही, पण मेस्त्रीला सगळे ओळखतात. दोघांनी त्याला हात केला. त्याने मान खाली घातली.

इथे शवपेट्या उंच भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवतात; बाल्दोमेरो तिसऱ्या ओळीत होता. काचेआड त्याचा फोटो होता. नोल्बेर्तोने तो वाकलेला, उंच माणूस लगेच ओळखला. डोन्या ओर्मेलिंदाने जुनी फुलं काढली, नवी ठेवली, काच कोटाच्या बाहीने पुसली.

"म्हाताऱ्या," ती जराशा मोठ्याने म्हणाली, जसं शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगावं, "तुझा चांगला मेस्त्री आलाय. त्याला तुझ्याशी बोलायचंय." आणि नोल्बेर्तोकडे वळून म्हणाली, "बोला."

नोल्बेर्तोने टोपी काढली. तो म्हणाला, "डोन बाल्दोमेरो, ते काम चोख नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. तुमचा गीझर चांगला होता. दोन्ही गीझर चांगले होते. दोष माझा होता आणि नाव तुमचं झालं." त्याने फोटोकडे पाहिलं. "मला माफ करा, असं म्हणायची माझी लायकी नाही. पण म्हणतो."

फोटोतला माणूस हसरा होता. नोल्बेर्तोला वाटलं, आपलं झालं. बाईला आता नवऱ्यापाशी एकटीला राहायचं असेल. तो टोपी हातात घेऊन मागे सरकला.

डोन्या ओर्मेलिंदाने त्याची बाही पकडली.

"थांबा. तुमचं मी ऐकलं. आता माझं तुम्ही ऐका. आपण दोघांनी मिळून केलंय हे."

तिने दुसरा हात काचेवर ठेवला.

"तुझ्या भाचीच्या, मार्गोटच्या लग्नात," ती फोटोला म्हणाली, "सगळी माणसं जेवायला बसली होती. मी उठून म्हणाले, माझ्या नवऱ्याचा गीझर कोमट आणि नवराही कोमट. सगळे टेबलं बडवून हसले. तूही हसलास. घरी आल्यावर तू काही बोलला नाहीस, म्हणून मला वाटलं लागलं नसेल. लागलं होतं रे. मला तेव्हाच कळलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात मी तेच पुन्हा बहिणीसमोर म्हणाले."

नोल्बेर्तोला तिथून जायचं होतं. हे ऐकायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटत होतं. पण बाईची बोटं त्याच्या बाहीवर घट्ट होती. रखवालदार दुरून घंटा वाजवू लागला होता, आणि ती हिवाळ्यामागून हिवाळा नवऱ्याला सांगत होती, कुठल्या दिवशी काय म्हणाले, कुणासमोर म्हणाले. नोल्बेर्तो उघड्या डोक्याने उभा राहिला. तिने एकही वर्ष वगळलं नाही.